फोटोत बघून सांगा, किती खाल्लं?

मोजपट्टी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

एका आहार सर्वेक्षणाच्या तयारीत आहे. पद्धत नेहमीचीच. समोर बसायचं आणि काल दिवसभरात काय काय खाल्लं-प्यायलं ते विचारायचं. काय खाल्लं हे लोक बरं सांगतात. गाडी अडते ती 'किती'वर. "थोडा भात." "नेहमीएवढं सूप." "केक? छे, नुसता चाखला." याचे ग्रॅम कसे करायचे? म्हणून फोटोंची पुस्तिका करतोय. प्रत्येक पदार्थाचे तीन फोटो: लहान, मध्यम, मोठा. समोरच्याने बोट ठेवायचं, आम्ही ग्रॅम लिहायचे.

गेल्या आठवड्यात आपापसात रंगीत तालीम केली. एकीने आत सगळं वजन करून वाढलं, बाकीचे जेवले, आणि दुसऱ्या दिवशी फोटो दाखवून विचारलं. ज्याने भाताचा डोंगर संपवला त्याचं बोट मधल्या फोटोवर. चिमणीएवढं खाल्लेल्या बाईचंही मधल्यावर. आमचे प्रमुख म्हणाले, "लोक मध्यमच खातात, त्यात काय विशेष!" पण वजनाची वही माझ्याकडे होती हो.

तर, तीन फोटो पुरतात का? फोटोवर ग्रॅम लिहावेत का? कोणत्या ताटलीत, कोणत्या कोनातून काढावेत? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. छपाईला जायला तीन आठवडे आहेत.

---

लंबक (सोमवार, रात्री १०:०५)

फोटोंच्या भानगडीत पडायचंच कशाला? टेबलावर कप, चमचे, वाडगे मांडा आणि विचारा, यातल्या कशाने किती. झालं.

---

जुनी_वही (सोमवार, रात्री ११:२०)

लंबक, दुधाला आणि सूपला तुमचं बरोबर आहे. पण माशाचा तुकडा कपात कसा मोजणार? पालेभाजीच्या सॅलडचं काय? कपात दाबून भरलं तर एक आकडा, सैल भरलं तर दुसरा. शिवाय फोनवर मुलाखत असेल तर तुमची भांडी राहतात तुमच्याच टेबलावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण सर्वेक्षणात (एनहेन्स) म्हणूनच बरीच वर्षं दोन्ही ठेवलं होतं. पहिली मुलाखत समोरासमोर, तेव्हा खरे पेले, वाडगे, चमचे. दुसरी ३ ते १० दिवसांनी फोनवर, तेव्हा आधी हातात दिलेली पुस्तिका, जिच्यात भांडी आणि आकार खऱ्या मापात छापलेले असत.

आता मोजपट्टीताई, तुमच्या तालमीबद्दल. फोटोवर बोट ठेवणं वाटतं तितकं सोपं काम नाही. ब्रिटनमध्ये मायकेल नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर १९९४ आणि १९९६ मध्ये शोधनिबंध लिहिले. त्यांनी या कामाच्या तीन पायऱ्या वेगळ्या काढल्या. पहिली, समोर ताटली आहे आणि शेजारी फोटो आहे, तर दोन्ही जुळवता येतात का? दुसरी, ताटली समोर नाही, तिचं चित्र डोळ्यांसमोर आणून ते फोटोशी ताडता येतं का? आणि तिसरी, मुळात नीट आठवतं का? तुमच्या तालमीत तिन्ही पायऱ्या एकदम झाल्या. त्यामुळे पाय नेमका कुठे घसरला ते कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी निम्म्या लोकांना ताटली समोर असतानाच विचारा आणि निम्म्यांना दुसऱ्या दिवशी. समोर ठेवूनही चुकत असतील तर दोष तुमच्या फोटोंचा. समोर बरोबर आणि उद्या चूक, तर दोष विसराळूपणाचा, त्याला फोटो काय करणार.

त्याच कामातून आणखी एक गोष्ट कळली. एकच 'सरासरी' फोटो दाखवून "याच्या किती पट?" असं विचारलं, तर आठ फोटोंची मालिका दाखवण्यापेक्षा चुका बऱ्याच जास्त होतात. नंतर १९९७ मध्ये त्यांची जी फोटो-पुस्तिका निघाली तिच्यात बहुतेक पदार्थांचे आठ-आठ फोटो आहेत. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा फोटो ठरवताना त्यांनी अंदाजपंचे काम केलं नाही. आधीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लोकांनी खरोखर वजन करून नोंदलेल्या वाढपांमधून ५ वा आणि ९५ वा शतमक घेतला. म्हणजे १०० वाढपं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावली, तर पाचव्याएवढं पहिल्या फोटोत आणि पंचाण्णवाव्याएवढं शेवटच्या फोटोत.

तुमचे लहान-मध्यम-मोठा कोणी ठरवले? खरं सांगा.

---

मोजपट्टी (मंगळवार, सकाळी ७:१५)

खरं सांगायचं तर आम्ही चौघींनी ओट्याशी उभं राहून. "एवढं म्हणजे मोठं ना?" "हो, एवढं कोण खातंय!" :(

---

फक्त_वाचते (मंगळवार, सकाळी ७:३०)

"एवढं कोण खातंय" हे वाक्य उच्चारणारी व्यक्ती सहसा चमच्याने खाते आणि उरलेलं पातेल्यातून खाते. स्वानुभव.

---

लंबक (मंगळवार, सकाळी ९:१०)

तीनपेक्षा आठ बरे, तर मग वीस करा. पन्नास करा. पुस्तिकेचा ग्रंथ होऊ द्या.

---

घनमूळ (मंगळवार, दुपारी १:५०)

लंबक चेष्टेत बोलले, पण प्रश्न चांगला आहे. किती फोटो यापेक्षा दोन फोटोंमध्ये अंतर किती, हे आधी बघावं लागतं. आणि इथे डोळा आपल्याला फसवतो.

भाताचा ढीग घ्या. तो दुप्पट केला, आकार तसाच राहिला, तर त्याची उंची आणि रुंदी किती वाढेल? दुप्पट नाही. २ चं घनमूळ १.२६, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम २६ टक्के. फोटोत दिसणारं क्षेत्रफळ १.५९ पट. म्हणजे पोटात दुप्पट गेलं आणि डोळ्याला दीडपटीच्या आसपास दिसलं. मोठं वाढप लोक कमी सांगतात त्याचं एक कारण इथे आहे. लबाडीच असते असं नाही, काही अंशी ही भूमिती आहे.

आता मधले फोटो. समजा ५० ते ३०० ग्रॅम असा पल्ला आहे आणि आठ फोटो करायचेत. बहुतेक जण सारखे भाग पाडतात: ५०, ८६, १२१, १५७, १९३, २२९, २६४, ३००. कागदावर नीटनेटकं दिसतं. पण पहिल्या दोन फोटोंत ७१ टक्क्यांचा फरक आहे आणि शेवटच्या दोन फोटोंत १४ टक्क्यांच्याही आत. शेवटचे दोन फोटो शेजारी ठेवून कुणालाही ओळखता येणार नाहीत. डोळा वजाबाकी करत नाही, तो पट बघतो. म्हणून मालिका पटीत लावायची, प्रत्येक फोटो आधीच्याच्या साधारण १.२९ पट: ५०, ६५, ८३, १०८, १३९, १८०, २३२, ३००. आता प्रत्येक पायरी डोळ्याला सारखीच चढ वाटते.

वीस फोटो केले तर हीच पट १.१० च्या खाली जाते. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ३ टक्क्यांचा फरक, आणि तोही आठवणीतून ओळखायचा. माणूस कंटाळून कुठेतरी बोट ठेवेल.

सूपचं दुखणं वेगळंच. वाडगा वर पसरट असेल तर काठाजवळ थोडी पातळी वाढली तरी आत पुष्कळ मावतं. वाडगा अर्धगोल आहे असं धरा. निम्म्या उंचीपर्यंत भरला तर आत निम्मं सूप नसतं, ३१ टक्केच असतं. शंकूसारखा निमुळता असेल तर निम्म्या उंचीला आठवा भाग. "अर्धा वाडगा" असं कुणी म्हणालं की मला आता घाम फुटतो.

---

जुनी_वही (मंगळवार, दुपारी ३:०५)

घनमूळ, झकास. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने संगणकावर स्वतःच भरायची २४ तासांच्या आहाराची प्रश्नावली (एएसए२४) तयार केली, तेव्हा चार फोटो की आठ हे तपासलं होतं. २०१० चा शोधनिबंध आहे. आठ थोडे बरे ठरले, फार नाही. पण लोकांना स्वतःला आठ आवडले, आणि एकामागून एक दाखवण्यापेक्षा सगळे एकदम समोर असलेले आवडले. तेव्हा आठाच्या आसपास थांबायला हरकत नाही.

आठ परवडत नसतील तर फ्रान्सच्या सु.वि.मॅक्स अभ्यासाने १९९४ मध्ये काढलेल्या पुस्तिकेची युक्ती बघा. फोटो तीनच, पण उत्तरं सात. पहिल्यापेक्षा कमी, पहिला, पहिल्या-दुसऱ्याच्या मधलं, दुसरा, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं, तिसरा, तिसऱ्यापेक्षा जास्त. छपाईचा खर्च तीन फोटोंचा, आणि माणूस मधल्या फोटोत कोंडला जात नाही.

---

मोजपट्टी (मंगळवार, रात्री ८:३०)

अरे वा! ही सात उत्तरांची गोष्ट आमच्या प्रमुखांना पटेल, कारण तिला पैसे लागत नाहीत.

फोटो काढण्याबद्दल कोणी बोलेल का? आमच्याकडे आत्ता जे फोटो आहेत ते मोबाइलवर वरून काढलेले आहेत. दिसतात फार सुंदर.

---

तिरपी_नजर (मंगळवार, रात्री १०:१५)

सुंदर दिसतात हेच लक्षण वाईट. :) मी पोटापाण्यासाठी खाद्यपदार्थांचे फोटो काढतो. जाहिरातीत जे जे करतो ते सगळं तुमच्या पुस्तिकेसाठी निषिद्ध.

वरून काढलेल्या फोटोत उंची मरते. पाव, पिझ्झा, चीजची चकती असल्या चपट्या गोष्टींना वरचा फोटो चालतो. पण ढीग, सूप, पेला, कापलेला केक यांना तिरपा कोनच हवा, ४० ते ४५ अंशांच्या आसपास. जेवायला बसलेल्या माणसाला ताटली साधारण तशीच दिसते, आणि त्याच्या आठवणीतलं चित्रही त्याच कोनातलं असतं. कॅमेरा स्टँडवर ठेवा आणि पहिल्या फोटोपासून आठव्यापर्यंत त्याला हात लावू नका. उजेड बाजूने आणि थोडा मागून द्या, म्हणजे ढिगाची सावली पुढे पडेल. सावलीवरून डोळा उंची वाचतो. फ्लॅश मारलात की सगळं सपाट. मोबाइल फार जवळ नेऊन काढू नका, पुढची कड फुगते. लांबून काढा आणि झूम करा.

ताटली. बेल्जियमच्या जोसेफ देलबफ यांनी १८६५ मध्ये दाखवलेला एक दृष्टिभ्रम आहे. एकाच आकाराचं वर्तुळ मोठ्या कड्यात ठेवलं की लहान दिसतं, बेताच्या कड्यात ठेवलं की मोठं. ढीग आणि ताटलीची कड यांचंही तेच होतं. म्हणून एका पदार्थाच्या सगळ्या फोटोंत ताटली एकच. तिचा व्यास पुस्तिकेत छापा, आणि शक्य असेल तर तशीच रिकामी ताटली मुलाखतीला सोबत न्या. तुमच्या फोटोतली ताटली केवढी हे समोरच्याला कळलंच नाही, तर तो ती आपल्या घरच्या ताटलीएवढी धरून चालतो. शेजारी काटा-चमचा ठेवा, दरवेळी त्याच जागी. सजावट नको, कोथिंबीर नको, चौकटीचं टेबलक्लॉथ तर अजिबात नको. पार्श्वभूमी एकरंगी, आणि पांढऱ्या भाताला पांढरी ताटली देऊ नका. हे सांगावं लागतं, विश्वास ठेवा.

आणि हो, गरम पदार्थ आणि पालेभाज्या भराभर. आठवा फोटो काढेपर्यंत सॅलडची पानं मान टाकतात. वजन तेच, ढीग निम्मा.

---

फक्त_वाचते (मंगळवार, रात्री १०:४०)

पांढऱ्यावर पांढरं... कोणीतरी केलं असणारच.

---

मोजपट्टी (मंगळवार, रात्री १०:४२)

मी या विषयावर बोलू इच्छित नाही.

---

पाळणाघर (बुधवार, सकाळी ६:५०)

यात मुलं आहेत का? आमच्या लेकीच्या वेळी एकदा असलीच मुलाखत दिली होती. मोठ्यांच्या जेवणाचे फोटो दाखवून "यातलं किती खाल्लं?" असं विचारत होते. तिने पहिल्या फोटोच्या चौथाई खाल्लं असेल. त्यातलंही निम्मं बिबवर होतं. मुलाखत घेणाऱ्या ताईंनी शेवटी पहिल्याच फोटोची खूण केली आणि पुढे गेल्या.

---

जुनी_वही (बुधवार, सकाळी ८:३०)

पाळणाघर, तुमच्या लेकीने कागदावर भरपूर खाल्लं असणार. मुलांसाठी मुलांचेच फोटो लागतात. यावर न्यूकॅसलच्या गटाने २००६ मध्ये शोधनिबंध लिहिला. मोठ्यांसाठी केलेले फोटो मुलांना दाखवले, की मुलं प्रत्यक्षाहून पुष्कळ जास्त सांगतात. मुलांच्या वयाच्या वाढपांचे फोटो दिले, की चूक बरीच आवरते. पुढे याच विद्यापीठात 'इनटेक२४' नावाची ऑनलाइन प्रणाली झाली, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने २०१९ मध्ये कागदी रोजनिशी सोडून ती घेतली. तिच्यात एक शहाणपणाची सोय आहे: आधी 'किती घेतलं' आणि मग 'किती उरलं', दोन्हीला वेगळे फोटो.

उरलेल्याचा प्रश्न मोठ्यांनाही विचारा. लोक 'घेतलं' आणि 'खाल्लं' यांत फरक करत नाहीत. हाडं, काटे, साली, बिया यांचंही तसंच. फोटोतला ग्रॅम आकडा हाडासकट आहे की हाडाविना, हे पुस्तिकेच्या मागच्या तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणालाच आठवणार नाही.

---

विचलन (बुधवार, दुपारी १२:२०)

वाचून राहवलं नाही. सगळे फोटो सुधारताहेत, छान आहे. पण मोजपट्टीताई, तुमचे प्रमुख जे म्हणाले त्यातच खरी गोम आहे, ती आधी सोडवा.

फोटोतून येणारी चूक इकडे-तिकडे विखुरलेली असती तर मला काळजी नसती. शंभर जणांत कोणी जास्त सांगितलं, कोणी कमी, बेरजेत फिटलं. पण ही चूक दिशा धरून येते. लहान वाढपं फुगतात, मोठी आक्रसतात, सगळं मध्याकडे सरकतं. आलेखावर खरं वजन आडवं आणि सांगितलेलं उभं घेतलं तर रेष ४५ अंशांत चढायची ती लोळते. आहार मोजणाऱ्यांत याला 'सपाट चढ' म्हणतात.

याने काय बिघडतं? समजा तिघांनी खरोखर १००, २०० आणि ३०० ग्रॅम भात खाल्ला, आणि फोटोवरून १३५, २०० आणि २६५ सांगितला. खरी सरासरी २००. सांगितलेलीही २००. तुमचे प्रमुख म्हणतील, बघा, पुस्तिका उत्तम! आता प्रश्न असा विचारा की १२० ग्रॅमपेक्षा कमी खाणारे किती? खरं उत्तर तिघांत एक. सर्वेक्षणाचं उत्तर, कोणीच नाही. ज्याच्या पोटात कमी जातंय तोच माणूस तुमच्या तक्त्यातून गायब झाला, आणि बहुतेक सर्वेक्षणं करतात ती त्याला शोधायलाच ना?

आणखी मजा बघा. याच तीन आकड्यांचा सहसंबंध काढा. पूर्ण १ येतो. अगदी निर्दोष! कारण सहसंबंध एवढंच बघतो की दोन्ही आकडे एका रेषेत चढतात का. रेष किती लोळली हे तो सांगत नाही. "आमच्या पुस्तिकेचा सहसंबंध ०.९" अशी फुशारकी दिसली की मी पुढचं पान उलटते.

म्हणून पडताळणी करताना ब्लंड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांची १९८६ ची रीत वापरा. प्रत्येक जेवणासाठी सांगितलेल्यातून खरं वजा करा आणि ती वजाबाकी दोन्हींच्या सरासरीसमोर मांडा. ठिपके डावीकडे शून्याच्या वर आणि उजवीकडे शून्याच्या खाली उतरताना दिसले, तर तुमचा सपाट चढ तिथे हाताने दाखवता येईल. प्रमुखांना आकडे नका देऊ, हे चित्र द्या.

फोटोवर ग्रॅम लिहू नका हेही याच्याशीच जोडलेलं आहे. ग्रॅम दिसले की लोक फोटो सोडून आकड्याकडे बघतात, आणि गोल आकडा उचलतात किंवा शोभेल तो उचलतात. 'लहान-मध्यम-मोठा' हे शब्द तर आधी काढा. स्वतःला 'मोठा' म्हणवून घ्यायला कोणाला आवडतं? अ, ब, क, ड पुरे.

---

लंबक (बुधवार, दुपारी १:००)

मान्य. तो १३५-२००-२६५ चा हिशोब मी दोनदा केला. सहसंबंध खरंच १ येतो. जरा वेळ गप्प बसतो.

---

नवा_गडी (बुधवार, सायंकाळी ६:२५)

कोणीच बोललं नाही म्हणून विचारतो. २०व्या शतकातली पुस्तिका कशाला? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जेवायच्या आधी फोटो काढायचा, जेवल्यावर काढायचा, बाकी कृत्रिम बुद्धिमत्ता बघून घेईल. आठवण, कल्पना वगैरे सगळ्या पायऱ्या गायब.

---

घनमूळ (बुधवार, रात्री ८:४०)

पायऱ्या गायब होत नाहीत, दुसऱ्याच्या डोक्यावर जातात. आता अंदाज खाणारा नाही, फोटो बघणारा करतो.

यातलं माणसांनी करायचं काम बरंच जुनं आहे. अमेरिकेत २००३ मध्येच कॅफेटेरियातल्या ट्रेचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून, प्रशिक्षित लोकांकडून अंदाज घेऊन, खऱ्या वजनाशी ताडून पाहिलं होतं, आणि ते चांगलं जुळलं. पण तिथे काय शिजलंय ते माहीत होतं आणि मोजलेल्या वाढपाचा फोटो शेजारी होता.

यंत्राचं बोलायचं तर 'पदार्थ ओळखणं' आणि 'किती ते सांगणं' ही दोन निरनिराळी कामं आहेत. २०१४ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून 'फूड-१०१' नावाचा फोटोंचा संच आला: १०१ पदार्थ, प्रत्येकाचे १,००० फोटो. ओळखण्याचं काम त्यानंतर झपाट्याने पुढे गेलं. पण त्या फोटोंना वजन नाही! सपाट फोटोतून घनफळ काढायचं तर माप माहीत असलेली एखादी वस्तू चौकटीत लागते. म्हणून पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रकल्पात ताटलीशेजारी रंगीत चौकड्यांचं कार्ड ठेवायला सांगत. २०२१ मध्ये गूगलच्या 'न्यूट्रिशन५के' संचात सुमारे ५,००० ताटल्यांच्या चित्रफिती, कॅमेऱ्यापासूनच्या अंतराची मापं आणि प्रत्येक घटकाचं वजन दिलं, तेव्हा कुठे यंत्राला शिकायला खरे ग्रॅम मिळाले.

आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही त्याचं काय? सूपच्या तळाचे बटाटे. भाजीत मुरलेलं तेल. चहातली साखर विरघळली की ती कोणत्याही कॅमेऱ्याच्या बापाला दिसत नाही.

---

जुनी_वही (बुधवार, रात्री ९:३०)

माझी अडचण यंत्राची नाही, माणसाची आहे. ताटलीचा फोटो काढायचाय म्हटलं की ताटली बदलते. लोक नीट वाढून घेतात, दुसरी बिस्किटं घेत नाहीत, किंवा घेतात आणि त्यांचा फोटो काढत नाहीत. काल काय खाल्लं हे आज अचानक विचारण्याचा मोठा फायदा हाच की काल खाऊन झालेलं असतं, आता बदलता येत नाही.

तरी नवा_गडी, तुमची कल्पना टाकाऊ नाही. मी मिश्रण सुचवेन: ज्यांना जमेल त्यांनी फोटो काढावेत, पण फक्त स्वतःला आठवायला. मुलाखतीच्या वेळी स्वतःचा फोटो समोर धरायचा आणि पुस्तिकेतल्या मालिकेवर बोट ठेवायचं. तिसरी पायरी निदान हलकी होते.

---

विचलन (बुधवार, रात्री ९:५०)

अवांतर: सगळ्याच सर्वेक्षणांना ग्रॅम लागत नाहीत. बायकांच्या आहारातलं किमान वैविध्य मोजायचं असेल तर १० अन्नगटांपैकी ५ तरी खाल्ले का एवढंच बघतात. तिथे प्रश्न इतकाच की तो पदार्थ १५ ग्रॅम तरी होता का. त्यासाठी आठ फोटोंचा खटाटोप करणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. तुम्हाला जीवनसत्त्वं-ऊर्जा काढायचीच आहे ना, याची एकदा खात्री करा.

---

मोजपट्टी (गुरुवार, सकाळी ७:०५)

ग्रॅमच लागणार, ऊर्जा आणि लोह दोन्ही काढायचंय. एक शंका: काही पदार्थांचं आम्ही फोटोवरून घनफळ घेतोय. त्याचे ग्रॅम करताना सगळीकडे १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम धरलं तर?

---

घनमूळ (गुरुवार, सकाळी ९:४०)

दूध १.०३, तिथे चालून जाईल. तेल ०.९२, तिथे जवळपास ९ टक्क्यांची चूक. लाह्या किंवा फुलवलेल्या धान्यात तर अख्खा हिशोबच कोसळेल, कारण कपभर लाह्यांत बहुतांश हवा असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१२ मध्ये पदार्थांच्या घनतांचा तक्ता प्रसिद्ध केलाय, तो वापरा. तक्त्यात नसेल तर स्वतः कप भरून तीनदा वजन करा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. सरासरीच नुसती लिहू नका, विचलनताई रागावतील.

---

विचलन (गुरुवार, सकाळी ९:५५)

रागावेन.

---

मोजपट्टी (पुढचा रविवार, रात्री ९:१५)

उशीर झाला, माफ करा. आठवडाभर नुसतं वाढणं आणि वजन करणं चालू होतं.

प्रमुखांना आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे कमी खाणारे आपल्याला सापडणारच नव्हते?" त्यानंतर काही समजवावं लागलं नाही. आता ठरलंय ते असं. जे पदार्थ रोज आणि पुष्कळ खाल्ले जातात त्यांचे आठ फोटो, पटीने. बाकीच्यांना तीन फोटो आणि सात उत्तरं. शब्द काढले, अक्षरं आली. लहान मुलांची पुस्तिका वेगळी, ती पुढच्या टप्प्यात. आमच्याकडे आधीच्या एका अभ्यासातली वजनाच्या नोंदींची चळत कपाटात पडून होती, तिच्यातून दोन्ही टोकं काढली. भाताचा आमचा जुना 'मोठा' फोटो आता नव्या मालिकेत पाचवा आहे. ओट्याशी उभं राहून ठरवलेलं!

जुनी_वहींनी सांगितली तशी तालीमही परत केली, निम्मे ताटली समोर ठेवून, निम्मे दुसऱ्या दिवशी. यावेळी स्वयंपाकात हात नसलेले लोक बोलावले. समोर ठेवून विचारलं तेव्हा भात, मासा, बटाटे व्यवस्थित. सूप समोर असूनही चुकलं. घनमूळ, तुमच्या वाडग्याची आठवण झाली. सूपसाठी फोटो रद्द केलेत, खरे वाडगे नेणार आणि पाण्याने भरून दाखवायला सांगणार. मग ते पाणी मापात ओतायचं. लंबक, तुमचा पहिला प्रतिसाद तेवढ्यापुरता खरा ठरला.

---

लंबक (पुढचा रविवार, रात्री ९:२०)

हे वाक्य चौकट करून लावतो.

---

मोजपट्टी (पुढचा रविवार, रात्री ९:४५)

एकच अडलंय. पावाला लावलेलं लोणी. आठ फोटो काढले, आठही सारखे दिसतात. ढीग नाही, पातळी नाही, नुसता पिवळा थर. आणि ऊर्जेच्या हिशोबात त्याचा वाटा असा की सोडताही येत नाही.

---

तिरपी_नजर (पुढचा रविवार, रात्री १०:३०)

वरून काढलेत ना? पाव अर्धा कापा, कापलेली कड कॅमेऱ्याकडे करा, उजेड बाजूने एकदम खालून. थराची जाडी कडेला दिसते. शिवाय जाड थरात सुरीचे ओरखडे उमटतात, पातळ थरातून पावाची जाळी दिसते. या दोन खुणा लोकांच्या लक्षात राहतात. मात्र आठ पायऱ्या विसरा, चारच्या वर कोणालाच ओळखता येणार नाहीत.

---

जुनी_वही (पुढचा रविवार, रात्री १०:५०)

आणि फोटोआधी एक साधा प्रश्न विचारा: जाळी दिसत होती का? पुष्कळदा तेवढ्यावरच उत्तर मिळतं.

---

मोजपट्टी (पुढचा रविवार, रात्री ११:०५)

उद्या सकाळी चार पाव, चार थर. लावायच्या आधी वजन, लावल्यावर वजन. फोटो झाल्यावर ते पाव कोण खाणार यावर इथे आमच्यात आत्ताच वाद सुरू झालाय.